पायरेट्सचा मालक हात का आखडतो, आणि पिट्सबर्गकर एवढे का चिडलेत

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे की नोकरीसाठी पिट्सबर्गला आलात, ऑफिसच्या लोकांनी इथल्या बेसबॉल टीमच्या, पायरेट्सच्या, मॅचला नेलं, तिथे स्टँडमधून 'सेल द टीम' असा घोष चाललेला, शेजारचा आजोबांच्या वयाचा माणूस पण घसा ताणून ओरडतोय. तुमचं म्हणणं, अहो छोटं शहर आहे, न्यूयॉर्क किंवा एलएसारखा पैसा आणणार कुठून, मग मालकाला शिव्या घालून काय मिळणार. आणि शेवटी विचारलंय की सीझन तिकीट घेऊ का.

मी इथे खेळाडूंच्या कॉन्ट्रॅक्टचं व्हॅल्युएशन करते, म्हणजे अमुक खेळाडूला अमुक वर्षं घेतलं तर तो टीमला किती मॅच जिंकून देईल आणि त्याची बाजारात किंमत काय होईल हे काढायचं काम. आणि राहते याच गावात. त्यामुळे आकडे पण माहितीयत आणि ती चिडचिड पण रोज ऐकते. माझं मत आधीच सांगून टाकते, फॅन्स बरोबर आहेत. 'पैसे नाहीत' हे उत्तर अर्धंच खरं आहे आणि उरलेलं अर्धं जास्त महत्त्वाचं आहे.

आधी तुमची बाजू घेते. एमएलबीत, म्हणजे अमेरिकेतल्या मुख्य बेसबॉल लीगमध्ये, सॅलरी कॅप नाही, म्हणजे टीमच्या एकूण पगाराला वरची मर्यादा नाही. आपल्या आयपीएलमध्ये २०२५ च्या ऑक्शनला प्रत्येक टीमला १२० कोटींची पर्स होती, कोणी अंबानी असो नाहीतर कोणी, त्याच्या वर जाता येत नाही, आणि खाली पण मर्यादा आहे, ७५ टक्के तरी खर्चावेच लागतात. बेसबॉलमध्ये दोन्ही नाही. वर फक्त लक्झरी टॅक्स आहे, २०२५ ला २४१ मिलियनच्या पुढे गेलात की टॅक्स भरा आणि घ्या अजून खेळाडू. एलएच्या डॉजर्सनी त्या वर्षी नुसता टॅक्स भरला जवळजवळ १६९ मिलियन डॉलर, आणि पायरेट्सच्या सगळ्या खेळाडूंचा पगार मिळून होता ९० मिलियनच्या आसपास. डॉजर्सचं लोकल टीव्हीचं कॉन्ट्रॅक्टच २५ वर्षांचं आठ बिलियनच्या वर आहे, पिट्सबर्गमध्ये कोणी जादू केली तरी तेवढं होणार नाही. हे सगळं मान्य, आणि कुठलाही शहाणा पायरेट्स फॅन मालकाला डॉजर्ससारखा खर्च कर म्हणत पण नाही.

पण आता पुढचं बघा. एमएलबीत रेव्हेन्यू शेअरिंग आहे. प्रत्येक टीम आपल्या लोकल कमाईतला, म्हणजे तिकीट, लोकल टीव्ही, पार्किंग, खाणंपिणं वगैरेतून जे निव्वळ राहतं त्यातला ४८ टक्के एका हंड्यात टाकते आणि तो हंडा तीसही टीममध्ये सारखा वाटला जातो. शिवाय नॅशनल टीव्हीचे पैसे सगळ्यांना सारखे. म्हणजे पायरेट्ससारखी टीम जेवढं टाकते त्यापेक्षा बरंच जास्त घेऊन जाते, मॅच जिंको वा हरो. हेतू चांगलाच होता, छोट्या शहरांनी पण टिकावं. खेळाडूंच्या युनियनबरोबरच्या करारात लिहिलंय सुद्धा की हे पैसे मैदानावरची टीम सुधारायला वापरायचे. पण वापरले की नाही हे तपासणार कोण आणि नाही वापरले तर शिक्षा काय, तिथे सगळं ढिलं आहे. २०१८ मध्ये युनियनने चार टीमविरुद्ध तक्रार केली होती याच मुद्द्यावर, पायरेट्स, मार्लिन्स, रेज आणि तेव्हाचे ओकलंड ए'ज.

आता यातली मेख सांगते जी बाहेर कोणी फारशी बोलत नाही. समजा मालकाने चांगला खेळाडू आणला, टीम जिंकायला लागली, लोक आले आणि लोकल कमाई १०० रुपयांनी वाढली. त्यातले ४८ हंड्यात जातात, हंड्यातून परत येतात साधारण दीड, म्हणजे हातात राहिले ५३-५४. खेळाडूचा पगार मात्र पूर्ण त्याच्या खिशातून. उलट बाजूने बघा, टीम हरली, लोक यायचे बंद झाले, कमाई १०० ने घटली तर मालकाचं नुकसान पण ५३-५४च, बाकीचं इतर टीम भरून देतायत. म्हणजे जिंकण्याचं बक्षीस अर्धं आणि हरण्याची झळ पण अर्धी. अशा गणितात ज्याला जिंकायची आग आहे तोच खर्च करणार, नुसतं हिशोबाने चालणारा माणूस गप्प बसणार, कारण हिशोब त्याला गप्प बसायलाच सांगतो. आणि तोपर्यंत टीमची किंमत आपोआप वाढतेय. १९९६ मध्ये केविन मॅक्लॅचीच्या ग्रुपने ही टीम ९०-९५ मिलियनला घेतली होती, आज फोर्ब्सच्या अंदाजाने ती एक बिलियनच्या वर आहे.

बॉब नटिंग २००७ पासून मुख्य मालक आहेत. पेपरच्या धंद्यातलं वेस्ट व्हर्जिनियाचं घराणं. २०१० मध्ये टीमचे अंतर्गत हिशोबाचे कागद फुटले आणि त्यात दिसलं की २००७ आणि २००८ मिळून टीमला २९ मिलियनच्या वर नफा झालाय, आणि ती दोन्ही वर्षं टीम तळाला होती. तेव्हापासून लोकांचा 'परवडत नाही' या शब्दांवरचा विश्वास गेला तो गेलाच. त्याच्याही आधी, जून २००७ मध्ये, लोकांनी तिसऱ्या इनिंगनंतर उठून बाहेर जायचं आंदोलन केलं होतं. म्हणजे हा राग काल परवाचा नाहीये.

एक गोष्ट मालकांच्या बाजूने सांगायलाच हवी. २००८ ते २०११ च्या काळात पायरेट्स ड्राफ्टवर, म्हणजे कॉलेज आणि शाळेतली मुलं निवडण्यावर, सगळ्यात जास्त खर्च करणाऱ्या टीममध्ये होते. याच काळात २००८ ला त्यांनी आपल्याकडच्या रिंकू सिंग (क्रिकेटवाला नव्हे) आणि दिनेश पटेलला घेतलं, उत्तर प्रदेशातली भाला फेकणारी पोरं, बेसबॉल कशाला म्हणतात ते माहीत नसलेली. ती वरच्या लेव्हलला पोचली नाहीत पण प्रयत्न तर केला. २०११ ला गेरिट कोलला पहिल्या नंबरवर उचलून आठ मिलियनचा बोनस दिला. त्याचं फळ पण मिळालं. १९९३ ते २०१२ सलग २० वर्षं टीम निम्म्यापेक्षा जास्त मॅच हरत होती, अमेरिकेतल्या कुठल्याही मोठ्या खेळात इतकी लांब पडझड झालेली नाही, आणि मग २०१३ ला अँड्र्यू मॅककचन एमव्हीपी, म्हणजे लीगचा सर्वोत्तम खेळाडू, झाला, टीम ९४ जिंकली, वाइल्ड कार्डच्या, म्हणजे प्लेऑफच्या पहिल्या, मॅचला लोक काळे कपडे घालून आले, अख्खं स्टेडियम समोरच्या पिचरच्या, म्हणजे बॉल टाकणाऱ्याच्या, नावाने 'क्वेटो क्वेटो' करत होतं, त्याच्या हातातून बॉल सुटून खाली पडला आणि पुढच्याच पिचवर रसेल मार्टिनने होम रन मारला. आजही इथे कोणालाही ती रात्र विचारा, डोळे बघा त्यांचे. पिट्सबर्गला बेसबॉल आवडत नाही असं जे म्हणतात त्यांनी ते जरूर बघावं.

आणि याच्यापुढेच खरं दुखणं आहे. २०१५ ला टीम ९८ मॅच जिंकली, त्या वर्षी बेसबॉलमधला दुसऱ्या नंबरचा रेकॉर्ड. जवळजवळ २५ लाख लोक स्टेडियमला आले. आमच्या धंद्यात याला खिडकी उघडणं म्हणतात, तुमचे चांगले खेळाडू तरुण आहेत, स्वस्त आहेत, सगळे एकाच वेळी फॉर्मात आहेत, तेव्हा वरून थोडे पैसे टाकायचे. काय केलं? जे. ए. हॅप नावाचा पिचर सीझनच्या मध्यात आला होता, इथे येऊन सुधारला, त्याला टोरांटोने ३ वर्षांचे ३६ मिलियन दिले आणि आपण जाऊ दिला. पुढच्या वर्षी त्याने तिकडे २० मॅच जिंकल्या. नील वॉकर, इथलाच, पिट्सबर्गजवळच्या शाळेत शिकलेला पोरगा, त्याला न्यूयॉर्कच्या मेट्सला देऊन टाकला. पायरेट्स २०१६ ला ७८ विजयांवर आले. मग २०१८ च्या जानेवारीत दोन दिवसांच्या अंतराने कोल आणि मॅककचन दोघंही गेले आणि येरे माझ्या मागल्या. टीम विकायला भाग पाडा म्हणून हजारो लोकांनी सह्या केल्या. २०१८ चा सीझन कसाबसा ८२-७९ झाला, त्यानंतर २०२५ पर्यंत एकही वर्ष निम्म्याच्या वर नाही.

मॅककचन गेला त्या दिवशी मोठी माणसं रडलेली मी पाहिलीयत, तो त्यांच्या घरातलाच झाला होता.

आता आजचा विषय, पॉल स्कीन्स. हे नीट समजून घ्या कारण सगळा राग सध्या इथे साठलाय. २०२३ च्या ड्राफ्टमध्ये पहिला नंबर, मे २०२४ ला आला, त्या वर्षी रूकी ऑफ द इयर, म्हणजे सर्वोत्तम नवा खेळाडू, २०२५ ला १.९७ ईआरए टाकून एकमताने साय यंग, म्हणजे सर्वोत्तम पिचरचा पुरस्कार. आणि त्याचा २०२५ चा रेकॉर्ड काय, १० जिंकल्या, १० हरल्या. बेसबॉल नवीन असेल तर सांगते, ईआरए म्हणजे पिचर नऊ इनिंगमागे किती रन देतो, दोनच्या खाली असणं म्हणजे तो एकटाच वेगळा खेळ खेळतोय. १८ मे २०२५ ची फिलाडेल्फियाची मॅच घ्या, पठ्ठ्याने आठच्या आठ इनिंग एकट्याने टाकल्या, तीन हिट दिले, नऊ जणांना स्ट्राइक आउट केलं, एकच रन दिला, आणि मॅच १-० ने हरला कारण आपल्या बॅटिंगला एक रन सुद्धा काढता आला नाही. त्या सीझनला सगळ्यात कमी होम रन आपल्याच टीमचे होते. पिचिंग उत्तम, बॅटिंग नावाला, ७१ जिंकल्या आणि ९१ हरल्या.

बरं या माणसाला २०२५ ला पगार किती, तर ८,७५,००० डॉलर, म्हणजे एक मिलियन सुद्धा नाही. नियमच तसा आहे, पहिली तीन वर्षं साधारण किमान पगारावर, मग तीन वर्षं लवादाने ठरवलेला पगार, सहा वर्षं भरली की फ्री एजंट, म्हणजे कुठल्याही टीमशी करार करायला मोकळा. स्कीन्सला रूकी ऑफ द इयरमुळे पहिलं वर्ष पूर्ण धरलं गेलं म्हणून तो २०२९ च्या सीझननंतर मोकळा. आमच्याकडे ढोबळ हिशोब असा असतो की बाजारातून एक जादा विजय विकत घ्यायला ८ मिलियनच्या आसपास लागतात. स्कीन्सने २०२५ ला साडेसहा ते साडेसातच्या आसपास विजय दिले, म्हणजे ५०-६० मिलियनचं काम एका मिलियनच्या आत. हा जो मधला फरक आहे, ती या टीमला मिळालेली सबसिडी आहे आणि तिला एक्सपायरी डेट आहे. आत्ता त्या वाचलेल्या पैशात दोन बरे बॅट्समन आणले तर उपयोग, २०२८ ला आणून काय करणार, तोवर तो दाराशी उभा असेल आणि त्याला ठेवायला ३०० मिलियनच्या वर मोजावे लागतील. कोललाच नंतर यांकीजने ३२४ दिले होते. दात आहेत तर चणे नाहीत आणि चणे आले तेव्हा दात नाहीत, असं व्हायला नको एवढंच लोक म्हणतायत.

मॅनेजमेंटचं उत्तर ठरलेलं असतं, की ७१ विजयांच्या टीमवर पैसे टाकून ७८ केले तर काय मिळतं, प्लेऑफ तर नाहीच. कागदावर हे खरं आहे, ७१ चे ७८ झाले तर कमाईत फार फरक पडत नाही, ८४ चे ९० झाले तर पडतो. पण ज्या टीमकडे स्कीन्स आहे ती पायाभरणीच्या पहिल्या वर्षात नाहीये हो. आणि 'आधी वर या मग खर्च करू' म्हणणाऱ्याने २०१५ ला वर आल्यावर काय केलं ते मी वर सांगितलंच.

छोटं शहर म्हणून शक्य नाही म्हणता ना, तर कॅन्सस सिटी बघा. पिट्सबर्गसारखंच लहान मार्केट. २०२३ ला रॉयल्स १०६ मॅच हरले. त्या हिवाळ्यात मालकाने सेथ लुगोला ४५ मिलियन, मायकल वाकाला ३२ मिलियन, आणि आपला तरुण स्टार बॉबी विट ज्युनियरला ११ वर्षांसाठी २८८ मिलियनच्या वर. पुढच्या वर्षी ८६ विजय आणि प्लेऑफ. क्लीव्हलंडने होझे रामिरेझला ७ वर्षं १४१ मिलियन देऊन ठेवून घेतलं. मिलवॉकी तर पिट्सबर्गहून लहान मार्केट, २०२५ ला ९७ जिंकून सगळ्या लीगमध्ये पहिले. हो, नुसत्या पैशाने होत नाही हे पण सांगते, मेट्सनी २०२३ ला तेव्हापर्यंतचा सगळ्यात मोठा पगार वाटला आणि ७५ वर आटपले. रेज आणि मिलवॉकीचे ब्रूअर्स खेळाडू घडवण्यात इतके पुढे आहेत की त्यांना कमी पैशात भागवता येतं. पायरेट्सची अडचण ही की त्यांचा खर्च कमी आणि बॅट्समन घडवण्यातही मागे, त्यामुळे चुकीला जागाच नाही. २०१८ ला क्रिस आर्चरसाठी ग्लासनाऊ, मेडोज आणि बाझ असे तीन तरुण दिले, ती चूक मोठ्या टीमला पचली असती, यांना अजून बोचतेय.

अगदीच काही दिलं नाही असं नाही. ब्रायन रेनॉल्ड्सला २०२३ मध्ये ८ वर्षं १०६.७५ मिलियन, मिच केलरला ५ वर्षं ७७. २०२५-२६ च्या हिवाळ्यात ब्रँडन लाउला ट्रेडमध्ये आणलं, रायन ओ'हर्नला २ वर्षांचे २९ मिलियन दिले. चांगलं पाऊल आहे, मला मनापासून बरं वाटलं. पण लक्षात घ्या, त्याआधी कित्येक वर्षं बाहेरचा बॅट्समन एका वर्षापेक्षा जास्त कराराने आणलाच नव्हता, म्हणून लोकांना २९ मिलियन पण सणासारखे वाटले.

आणि पैशाच्या पलीकडचं पण एक आहे. २०२५ च्या एप्रिलमध्ये राइट फील्डच्या भिंतीवरचं रोबर्टो क्लेमेंटेचं २१ नंबरचं चिन्ह झाकून तिथे दारूच्या ब्रँडची जाहिरात लावली. क्लेमेंटे कोण हे माहीत नसेल तर, १९७२ च्या शेवटच्या दिवशी निकाराग्वाच्या भूकंपग्रस्तांसाठी मदत घेऊन जाताना विमान पडून गेलेला पायरेट्सचा खेळाडू, या गावाचा देव. घरच्यांनी बोलून दाखवल्यावर चिन्ह परत लावलं. त्याच सुमारास स्टेडियमबाहेरच्या विटा, ज्यावर लोकांनी पैसे भरून आपल्या गेलेल्या वडिलांची, आजोबांची नावं कोरून घेतली होती, त्या भंगाराच्या ढिगात पडलेल्या फोटोत दिसल्या. टीमने नंतर खुलासे केले, पण त्याच महिन्यात होम ओपनरला, म्हणजे घरच्या पहिल्या मॅचला, टीम विका म्हणणारं बॅनर घेऊन वरून विमान फिरलं होतं, त्या रागात ही आणखी भर. माणसाला खेळाडू न घेतल्याचा राग येतो, तो उतरतो पण. आपल्या माणसांची कदर नाही असं वाटलं की तो उतरत नाही.

यात भर म्हणजे याच गावात नदीच्या त्याच काठावर अमेरिकन फुटबॉलचे स्टीलर्स आहेत, आणि डाउनटाउनजवळ हॉकीचे पेंग्विन्स. एनएफएल, म्हणजे फुटबॉलची लीग, आणि हॉकी दोन्हीकडे वरची मर्यादा आहे आणि खालची पण, मालकाला किमान खर्च करावाच लागतो. त्यामुळे पिट्सबर्गकराला लहानपणापासून माहितीये की लहान गावाची टीम चॅम्पियन होऊ शकते, त्याने ते आयुष्यात अनेकदा पाहिलंय. 'छोटं गाव' हे कारण त्याच्या गळी उतरत नाही ते म्हणून.

मग बहिष्काराने काही होतं का? वरचा हिशोब आठवा, तुम्ही न भरलेल्या १०० डॉलरमधली अर्धी झळ इतर टीम सोसतात. २०१५ ला २५ लाख आलेले, २०२५ ला १५-१६ लाख, तरी टीम विकली गेली नाही. माझ्या मते खरा दबाव करारातून येतो. ए'जचं उदाहरण आहे, रेव्हेन्यू शेअरिंगचे पैसे घेऊन पुरेसा खर्च नाही केला तर युनियन पुन्हा तक्रार करेल हे दिसल्यावर त्यांनी लुईस सेव्हेरिनोला ६७ मिलियन दिले, त्यांच्या इतिहासातलं तेव्हापर्यंतचं सगळ्यात मोठं कॉन्ट्रॅक्ट. नियम टोचला की पैसे निघतात. आताचा करार १ डिसेंबर २०२६ ला संपतोय, मालकांना वरची मर्यादा हवीये, युनियनला ती नकोय. पायरेट्स फॅन म्हणून तुम्ही वरच्या मर्यादेपेक्षा खालच्या मर्यादेकडे लक्ष ठेवा. नुसती वरची आली तर डॉजर्स थोडे खाली येतील, आपला मालक आहे तिथेच राहील.

सीझन तिकीट घेऊ नका, पहिल्या वर्षी तर नाहीच. त्याऐवजी स्कीन्सची पाळी कधी आहे ते दोन-तीन दिवस आधी कळतं, तेव्हा मधल्या वाराचं साधं तिकीट काढा, पीएनसी पार्कमध्ये, म्हणजे पायरेट्सच्या स्टेडियममध्ये, वरच्या मजल्यावरून पण सगळं छान दिसतं. गाडी डाउनटाउनला लावा आणि क्लेमेंटे ब्रिजवरून चालत जा, मॅचच्या वेळी तो गाड्यांना बंद असतो. आणि शेजारच्या आजोबांना १९७१ विचारा, म्हणजे पायरेट्सने वर्ल्ड सिरीज जिंकली ते वर्ष, सातवी इनिंग कधी आली कळणार नाही.